एरंडोलला पिकलेला उजेड

लोटन नानांनी सावद्यात चाळीस वर्षं केळी पिकवली होती. नुसता केळ्याला गाल लावून ते खोलीचं तापमान अर्ध्या डिग्रीपर्यंत सांगत. थर्मामीटरवर शंका आली की लोक तो नानांकडून तपासून घेत. म्हणून मे महिन्याच्या शेहेचाळीस डिग्रीत पुतणी मोनालीने आपलं यंत्र कॉलेजातून उचललं आणि थेट नानांच्या पिकवणखोलीत, केळ्यांच्या क्रेटांमध्ये मांडलं. तिच्या स्फटिकाला गारवा जरासुद्धा हललेला चालत नसे.

"नाना, प्रकाशाचा एकच कण फायबरमधून धुळ्याला पाठवायचाय. पण माझा कण आहे लाल, आणि लाल उजेड लांबच्या तारेत वाटेतच विरतो. म्हणून इथे स्फटिकात त्याचा रंग बदलायचा, डोळ्यांना न दिसणारा करायचा. तसा तो टिकतो. तिकडे आमच्या प्रयोगातला भूपेंद्र दुसऱ्या स्फटिकातून त्याला परत लाल करणार."

"म्हंजे कच्चा काढायचा अन् गिऱ्हाइकाच्या गावात पिकवायचा," नाना म्हणाले. "एवढ्यासाठी तुले पीएचडी करा लागली व पोरी?"

आज बाराच्या आत लाल कण धुळ्यात उतरला तर ही फायबरची लाइन खानदेशात राहणार, नाहीतर पुण्याला जाणार. आणि लाइनीमागोमाग मोनालीही. नानांना ते बिलकुल नको होतं. पुण्याहून आलेले लीलाधर साहेब धुळ्यात मोजयंत्रासमोर घड्याळ काढून बसलेच होते.

अकराला भूपेंद्रचा फोन आला. "मोनाली, घात झाया! मना हातमाईन स्फटिक पडना. दोन तुकडा!"

मोनाली डोळे पुसत क्रेटवर बसली. नानांना मात्र हुरूप चढला.

"रडू काहून राह्यली? गिऱ्हाइकाकडे खोली नसली तं मी काय करतो? इथूनच पिकवायचा गॅस देतो. माल रस्त्यात पिकतो."

"नाना, केळी चार दिवस ट्रकात असतात! कण पाऊण मिलिसेकंदात धुळ्यात पोचतो!"

"मंग गॅस जरा चांगला हानू."

नानांनी गॅसची नळी स्फटिकाच्या डबीत खुपसली. पण हात पडला दहा टनी ट्रकाचा. सवयीने अख्ख्या ट्रकाचा गॅस त्यांनी एकट्या कणाला पाजला.

लगेच वाटेतल्या एरंडोलहून फोन. तिथे तारेच्या जोडावर पुनम नावाची इंजिनिअर बसली होती. "नाना, जोडाच्या डब्यात लाल उजेड पडलाय! अख्ख्या खोलीत केळ्याचा वास... अरे देवा, काळा पडला!"

"जास्त पिकला," नाना हळहळले.

दुसऱ्या कणाला त्यांनी हात इतका आखडला, की तो कच्चाच धुळ्यावरून निघून गेला. भूपेंद्र ओरडला, "काहीच नहीं उनं!" तो कण पुढे सोनगीरच्या किल्ल्यावर पिकला, आणि शेळ्या चारणाऱ्या झुंबरबाईंना भर उन्हात पूर्वेला तांबडं फुटलेलं दिसलं, हे मागाहून कळलं.

बाराला दोन मिनिटं उरली. मोनाली नखं खात होती. नानांनी स्फटिकाला गाल लावला, डोळे मिटले, आणि मुंगीला ढेकर यावी एवढाच गॅस सोडला.

"जा रे बापा. मधी कुठं थांबू नको."

 फोनमध्ये भूपेंद्र किंचाळला, "उना! लाल शे नाना, लालभडक!"

मागून लीलाधर साहेबांचा आवाज आला. "बाराला अकरा सेकंद कमी. लाइन इथेच राहील." मोनालीने नानांना मिठी मारली, दोघं क्रेटांवर आपटली, फण्या इकडेतिकडे उडाल्या. तेवढ्यात फोनवर साहेबांनी कण चाखून मारलेल्या मिटक्या ऐकू आल्या.

"लोटन नाना," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "अहवालाला जोडायला डझनभर कण पाठवता?"

"डझन?" नाना केळ्यांच्या ढिगातून उठत म्हणाले. "साहेब, आमी किरकोळ इकत नाही. ट्रकानं घ्या."