हिरमच्या घरातला दहा वर्षांचा मुलगा

चुलत बहिणीचं कौतुक ऐकून पोटात दुखणं हा काही केंटकीच्या डोंगरांतलाच आजार नव्हे, पण अर्लीन ब्रॅनमला तो फार जोरात जडला होता. वीस वर्षं तिने कोर्टातली जुनी दप्तरं उपसली, थंडीत गुडघे टेकून कबरींवरचं शेवाळ खरवडलं. आणि ही लांबची चुलत बहीण जॅनेल? एका हिवाळ्यात घरबसल्या कॉम्प्युटरवर मूळपुरुष हिरम ब्रॅनमपर्यंत वंशावळ जुळवून मोकळी! त्यातच कुळातल्या सगळ्यात थोरल्या ओझेला आत्याने जाहीर केलं होतं, की ऑगस्टात कुळाच्या मेळाव्यात घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं बायबल ती या दोघींपैकी एकीला देणार. "जॅनेल किती गं हुशार," असं आत्या फोनवर म्हणाली, त्या दिवशी अर्लीनला जेवण गेलं नाही.

तिने जॅनेलची वंशावळ मुळापासून तपासायला घेतली. १८१०च्या जनगणनेत नाव असतं ते फक्त घरच्या कर्त्याचं. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यांतले आकडे. हिरमच्या घरात दहा ते पंधराच्या रकान्यात एक मुलगा होता. तो आपल्या शाखेचा पूर्वज लेवी, हिरमचा थोरला, असं जॅनेलने बिनदिक्कत धरून टाकलं होतं. अर्लीनची शाखा हिरमच्या धाकट्या मुलाची. अर्लीनने लग्नाची नोंद काढली. हिरम आणि टॅबिथाचं लग्न १८०५ सालचं. लग्नाला पाच वर्षं आणि मुलगा दहाच्या पुढचा!

हिरम म्हातारपणी शेजारच्या कौंटीत राहायला गेला होता. तिथल्या कोर्टात आजवर कोणालाच न सापडलेलं त्याचं मृत्युपत्र अर्लीनला मिळालं. वाचता वाचता ती इतक्या मोठ्याने हसली की कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

मेळावा चर्चमागच्या मांडवात होता. तळलेल्या कोंबडीवर माणसं तुटून पडली होती आणि जॅनेलभोवती म्हाताऱ्यांचा घोळका होता. अर्लीनला ते बघवेना. ती सरळ आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, लेवी हिरमचा मुलगाच नव्हता. टॅबिथाच्या पहिल्या नवऱ्याचा तो. या जॅनेलच्या अंगात हिरमच्या रक्ताचा थेंब नाही!"

जॅनेलच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"कशावरून गं?" आत्याने विचारलं.

"हिरमच्याच मृत्युपत्रावरून. ऐक. 'माझी बायको टॅबिथा हिचा मुलगा लेवी, यास...'" अर्लीनने कागदाची घडी घातली.

"यास काय?"

"अगं, महत्त्वाचं तेवढंच आहे."

"मला नको शिकवूस. मरणारा माणूस ओळखी करून द्यायला मृत्युपत्र लिहीत नाही, वाटणी करायला लिहितो. त्याला दिलं काय? वाच पुढे."

अर्लीनने घडी उलगडायला वेळ लावला. पण सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते.

"'...यास मी पोटच्या मुलासारखे वाढवले. माझ्या मुलांच्या बरोबरीने त्यास जमिनीचा वाटा द्यावा. आणि माझ्या मुलांपैकी जो कोणी यावर तक्रार करील, त्यास एक डॉलर द्यावा, अधिक काही नाही.'"



"दोनशे वर्षांत कोणी तक्रार केली नव्हती गं," आत्या म्हणाली. "जॅनेल, बायबल घेऊन जा. आणि अर्लीनला कोणीतरी तिचा डॉलर द्या रे."

मांडव हशाने फुटला. एका चुलतभावाने खरोखरच खिशात हात घातला. एवढा मोठा शोध, वीस वर्षांतला सगळ्यात मोठा, आणि सगळे दात काढत होते.

एकटी जॅनेल हसली नाही. डोळे पुसत ती अर्लीनजवळ आली.

"ताई, मग लेवीचा खरा बाप कोण गं? तुझ्याशिवाय कोणाला नाही सापडायचा तो."

"बघा, किती मोठ्या मनाची पोर!" घोळक्यातली एक म्हातारी म्हणाली.

अर्लीनला वाटलं, हिने तोंडावर हसून घेतलं असतं तर बरं झालं असतं.