दोन रंगांची एक भिंत

टाइल्सच्या त्या दुकानात नळ होते पण पाणी नव्हते, आरसे होते पण तोंड धुणारे कोणी नव्हते. तीन-तीन भिंतींची स्वयंपाकघरे एकापुढे एक मांडलेली, त्यांच्या खिडक्यांमागे रंगवलेले आकाश. दुपारचा उजेड एका न्हाणीघरातून दुसऱ्यात घरंगळत होता. कोणाचे तरी स्वप्न चुकून उघडे राहिले असावे, तसे ते दिसत होते. रंगतपासनीसाला असल्या उपमा मान्य नव्हत्या. 'परावर्तन' एवढाच शब्द त्याने मनात नोंदवला.

रंगाच्या कारखान्यात तीस वर्षे त्याने छटा तपासल्या होत्या. नमुना यंत्राखाली धरायचा, तीन आकडे वाचायचे, शिक्का मारायचा. आकडे कधी चुकले नाहीत. डोळे मात्र जन्मापासून चुकत होते: त्याला हिरवा आणि विटकरी एकच दिसे. हे बायकोलाही ठाऊक नव्हते. लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगायचे राहून गेले, दहाव्या वर्षी ते हास्यास्पद वाटले, आणि विसाव्या वर्षी ती फसवणूक ठरली असती.

"ओट्यावरची भिंत या वेळी तुम्ही ठरवायची," दोघे घरून निघतानाच बायकोने बजावले होते. "जन्मभर परक्यांच्या रंगांवर शिक्के मारलेत, आता घरच्या एकावर मारा."

त्याने सवयीने एक टाइल उचलली आणि उलटी केली. पाठीवर रंगाचे नाव छापलेले असते.

"काका, तोंड बाहेर करून लावतात हो ती," विक्रेती म्हणाली.

"त्यांचं असंच आहे," बायको हसली. "पाठ बघितल्याशिवाय पुढचं पटत नाही."

विक्रेतीने त्यांना एका फळ्यापाशी नेले. त्यावर तळहाताएवढ्या टाइल्स पक्क्या चिकटवलेल्या होत्या. नाव नाही, आकडा नाही.

"मला हिरवी हवी," बायको म्हणाली. "कुठली, ते तुम्ही सांगा."

निम्म्या तरी हिरव्या असतील असे गृहीत धरून त्याने एकीवर बोट ठेवले. "ही हिरवी. शांत आहे."

"अहो, ही विटकरी आहे."

एवढे म्हणून बायको हसण्याच्या तयारीत थांबली. थट्टा पुढे सरकेना. विक्रेतीला दूरच्या एका नळावरची धूळ अचानक दिसली आणि ती तिकडे गेली.

"चष्मा बदलायला झालाय का?"

"चष्म्याचा प्रश्न नाही. मला हे दोन्ही रंग सारखेच दिसतात. जन्मापासून."

बायको कोरड्या टबच्या काठावर बसली. "सत्तावीस वर्षं थांगपत्ता लागू दिला नाहीत! आणि माझा तो हिरवा स्वेटर? 'खुलून दिसतेस' म्हणाला होतात. विरेपर्यंत घातला मी तो. आजवर जे जे छान म्हणालात, ते सगळं अंदाजपंचेच का?"

याच प्रश्नाला तो इतकी वर्षे भीत आला होता. उत्तर चुकले असते तर मागची सगळी वाक्ये रद्द ठरली असती.

"स्वेटरचा रंग मला माहीत नव्हता," तो सावकाश म्हणाला. "तू खुलून दिसत होतीस, हे निरीक्षण होतं. त्यात रंग धरलेलाच नव्हता."

तिने मान वर केली. "प्रेमपत्र आहे की अहवाल?"

त्यालाही ते ठरवता आले नाही.

"बरं, दिसतं तरी कसं तुम्हाला?"

त्याने आकडा शोधला. सापडला नाही. "उथळ पाण्याखाली वाळू असते ना, तसं. मध्ये कुठे रेघ नाही." ही त्याची आयुष्यातली पहिली उपमा होती.

बायकोने विक्रेतीला हाक मारली. "दोन्ही मिसळून लावल्या तर?"

"सुरेख दिसतील, काकू. पण मिस्त्री बुद्धिबळाचा पट करून ठेवतो. कितीही बजावा, हात आपोआप एक सोडून एक लावतो. विस्कटून लावणं कोणालाच जमत नाही."

"यांना जमेल."

विक्रेतीने दोन खोकी मोकळी करून टाइल्स एकत्र केल्या. तो गुडघे टेकून बसला आणि हाताला येईल ती टाइल शेजारच्या टाइलला भिडवत गेला. त्याच्यापुढे वाळू पसरत होती, अखंड, निःशब्द. बायको टबच्या काठावरून वाकून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरून निष्कर्ष काढण्यास पुरावा अपुरा होता.

"काय दिसतंय?" त्याने विचारले. असे त्याने तिला कधीच विचारले नव्हते.

टबवरून उतरून ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"इथे तीन हिरव्या एकत्र आल्यात," ती म्हणाली, "आणि त्यांना वळसा घालून विटकरी टाइल्सची ओळ निघालीय. कुठे चाललीय कोण जाणे. तिला हात लावू नका."

त्याने हात मागे घेतला, आणि ती सांगत राहिली.