तळ्याला लागलेली आग

मोहल्ल्याच्या तळ्याला आग लागली, आणि ती पाहायला पंचक्रोशी लोटली. काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध हिरव्या झग्यातले पीर, नूरमत एशान. त्यांनी कापडात बांधलेलं ‘मदिनेचं मीठ’ पाण्यात सोडलं, पाणी खदखदलं, एशानांनी काडी ओढून पुढे केली आणि पाण्यावर पिवळ्या ज्वाळा नाचू लागल्या.

“पाणी का जळतं?” एशान गरजले. “काठच्या तुतींत जिन्न बसलाय. झाडं आडवी होत नाहीत, तोवर तो तुमची पोरं रशियातून परत येऊ द्यायचा नाही.”

सगळ्या फरगाणा खोऱ्यात जिन्नाला बसायला याच चार जुन्या तुती मिळाल्या होत्या. नेमक्या अशा, की ज्यांच्या खोडासाठी दुतार नावाचं तंतुवाद्य बनवणारे कारागीर मागाल ती किंमत देतात. पण ज्यांची पोरं मजुरीला परमुलखात, त्यांना असले प्रश्न सुचत नाहीत. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर एशान स्वतःच काडी ओढत होते.

मोहल्ल्याचा नियम साधा होता. तळ्यात काही टाकायचं नाही, कारण सगळ्यांच्या चहाचं पाणी तिथलं. आणि ते पाणी गार, नितळ ठेवणाऱ्या तुतींना हात लावायचा, तर घरटी होकार हवा. नियमाचा पहिला भाग एशानांनी सर्वांदेखत मोडला, कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या भागासाठी मात्र एक घर आडवं येत होतं, विधवा सानोबर खालाचं.

त्यातल्या एका तुतीला तिने आपल्या मुलाचा, इल्योसचा पाळणा बांधला होता. आता तो इल्योस मॉस्कोकडे कुठेतरी विटा वाहत होता, आणि हिवाळ्यापासून त्याचा फोन बंद होता.

“सानोबर,” मोहल्ल्याचे म्होरके तोख्ता बोबो म्हणाले, “तुझ्या हट्टापायी आमच्या पोरांनी तिकडेच मरायचं का?”

“माझाही तिकडेच आहे, बोबो.”

“मग आई आहेस की कोण आहेस?”

शाळेत रसायन शिकवणारी मुनिरा पलीकडच्या मोहल्ल्यातली, म्हणून तिच्या नकाराला इथे किंमत नव्हती. ती खालाच्या अंगणात येऊन बसली.

“खाला, पाणी जळत नाही. तो टाकतो ते जळतं. त्याच्या मिठाचा एक खडा मिळवून द्या, चहाच्या पेल्यात आग लावून दाखवते.”

“या वयात एशानांच्या थैलीत हात घालू?”

“मग निदान होकार तरी देऊ नका.”

“नाही देत, पोरी.”

पुढच्या गुरुवारी पुन्हा पाणी पेटलं. वारा फिरला आणि धूर खालाच्या अंगावर आला. लसणासारखा, ओल्या चुन्यासारखा वास. हा वास तिच्या ओळखीचा होता. तिचा नवरा रहमोन रोज संध्याकाळी हाच वास घेऊन घरी यायचा, आणि तो गेला तेव्हा वासही घरातून गेला होता. आज जळत्या पाण्यावरून रहमोन आला होता, पोरासाठी झाडं पाडू दे, असं सांगायला आला होता.

“तुम्ही आलात?” ती पुटपुटली. मग डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसून मोठ्याने म्हणाली, “पाडा.”

झाडं पडली. पिकलेली तुती धुळीत सांडली, पोरांनी तीही वेचून खाल्ली. “जिन्नासकट नदीत बुडवतो,” म्हणत एशान खोडं ट्रकवर घालून निघाले. नदी डावीकडे होती, ट्रक उजवीकडे वळला, शहराच्या रस्त्याला.

दोन दिवसांत पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि मासे पोट वर करून तरंगू लागले. घाईत एशानांच्या माणसांनी फाटकं कापड काठावरच टाकलं होतं. त्यात मुनिराला एक करडा खडा सापडला. चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर तिने तो पेल्यातल्या पाण्यात टाकला आणि काडी लावली. पेला पेटला.

“कार्बाईड,” ती म्हणाली. “वेल्डिंगवाल्यांकडे किलोवर मिळतं. पाण्यात पडलं की जळणारा वायू सुटतो, मागे चुना उरतो. त्या चुन्याने मासे मेले. यात जिन्न नाही आणि मदिनाही नाही.”

“आम्हा अडाण्यांना काय ठाऊक,” तोख्ता बोबो म्हणाले.

सानोबर खाला पुढे आली. विझलेला पेला तिने नाकाशी धरला, बराच वेळ.

“हा रहमोनच्या कपड्यांचा वास आहे.”

“ते कोल्खोजात, त्या सरकारी सामुदायिक शेतावर, वेल्डरच होते ना, खाला,” मुनिरा हळूच म्हणाली.

खालाने पेला खाली ठेवला. तिला हुंदका आवरेना. उभा जन्म ते कपडे तिनेच धुतले होते.

“मला ठाऊक होतं, बोबो,” ती म्हणाली. “माझ्या नाकाला ठाऊक होतं. पण मला पोर हवं होतं, म्हणून मी वासाला नवरा समजले आणि पोराच्या पाळण्याचं झाड पाडलं.”

कुणीतरी बाई दबक्या आवाजात म्हणाली, “इल्योसचा फोन आला का गं?”

“नाही. झाडं पाडून फोन येत नसतात.” तिने सगळ्यांकडे पाहिलं. “उद्या दुसरा कुणी येईल, दुसरं काही पेटवून दाखवेल. त्याला आधी विचारा, थैलीत काय आहे. हसत असाल तेव्हा नाही विचारलंत तरी चालेल. रडत असाल, तेव्हा मात्र विचारल्याशिवाय राहू नका.”