चिंचेनं घासलेले कप

माझे सासरे सीतारामराव कॉलेजातून निवृत्त झाले आणि इंग्रजी कपांच्या नादी लागले. पांढरेशुभ्र, सोनेरी कडेचे जुने कप. प्रत्येकावर एक ग्रीक देवी, कुणाच्या हाती घडा, कुणाच्या हाती वीणेसारखं काहीतरी. एखाद्या चहामळेवाल्या साहेबाचा जुना बंगला मोडीत निघाला म्हणून कळलं की मामंजी उटीपर्यंत धावत. त्यातून प्यायचं मात्र कुणीच नाही. आम्हां तंजावूरच्या मराठी घरांत कॉफी टंबलरमधून, म्हणजे उभ्या पेल्यातून, तीही ओठ न लावता, वरून.

सासूबाई, अंबुजाबाई, तर कपांना सैंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसत. "कुणाकुणाची उष्टी भांडी ती! आणि वर त्या उघड्या खांद्यांच्या बायका. एक दिवस चिंचेनं घासून टाकते सगळ्यांना," असं त्या दर शुक्रवारी समया घासताना पुटपुटत. घासायच्या डाव्या हातानं. डावखुऱ्याच होत्या.

त्या गेल्या. मग माझ्या नवऱ्यानं, मुरलीनं, रंगीत टीव्ही आणला, केबल घेतली, पण घर सुनंच राहिलं. आणि एका शुक्रवारी एका देवीचा चेहरा नाहीसा झाला. वस्त्रं, हात, घडा सगळं शाबूत. मानेवर नुसतं पांढरं. कपाला चिंचेचा वास.

"सूनबाई, खरं सांग. पितळेबरोबर घासलास?"

"नाही हो मामंजी. तुमच्या कपांना मी हात तरी लावते का?"

त्यांचा विश्वास बसला नाही. कपांच्या कपाटाला कुलूप लागलं, किल्ली त्यांच्या जानव्याला. म्हणजे मी चोर! रागानं मला जेवण गेलं नाही. पुढच्या शुक्रवारी कुलूप जसंच्या तसं, आणि आणखी एक देवी बिनचेहऱ्याची. आता मात्र मी घाबरले.

तरी माझ्यावरचा आळ मला काढायचाच होता. त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मी टीव्ही बंद करून सैंपाकघराच्या दाराआड बसले. मामंजी झोपेतून उठले. जानव्याच्या किल्लीनं कपाट उघडून एक कप घेतला आणि मागच्या अंगणात, नळापाशी, सासूबाईंच्या पाटावर जाऊन बसले. साडी खोचावी तसं धोतर खोचलं. चिंच आणि काथ्या घेऊन घासू लागले. डाव्या हातानं. मामंजी तर सगळं उजव्या हातानं करणारे.

सापडलात, असं म्हणायचं मी ठरवलं होतं. तोंडून एवढंच निघालं, "मामंजी?"

त्यांनी मान वळवली. डोळे उघडे होते, पण बघणारे ते नव्हते.

"हळू बोल. ते निजलेत," ते म्हणाले. "चिंच संपत आली. थोडी भिजव गे, भुवने."

मला भुवने म्हणणारं या घरात एकच माणूस होतं. माझ्या अंगावर काटा आला आणि रडूही आलं. ती हाक आता पुन्हा ऐकू येईल असं मला वाटलंच नव्हतं.

संध्याकाळी कपाट उघडून मामंजी मटकन खाली बसले. हातात बिनचेहऱ्याचा कप.

"हाही गेला. सूनबाई, आता तरी खरं बोल. तूच ना?"

"हो मामंजी," मी म्हटलं. "मीच."

पुढच्या शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर मी मूठभर चिंच भिजत घातली आणि वाटी त्या पाटाशेजारी नेऊन ठेवली.