स्टँडर्ड गेज

पोह्यांच्या बशा रिकाम्या होत आल्या तसा गणपतरावांनी रुमालाने हात पुसला आणि पाटावर बसलेल्या संयोगिताला विचारलं, "चिंचेत कोणतं आम्ल असतंय?"

"टार्टारिक."

मुलगी बघायला आलेली माणसं स्वयंपाक येतो का विचारतात, फार तर चालून दाखव म्हणतात. पण गणपतरावांचा कागलात पोलीसभरती आणि तलाठी परीक्षेचा क्लास होता, आणि होणारी सूनही त्यांना पहिल्या बाकावरची विद्यार्थिनीच वाटत होती. मुलगा ऋतुराज त्याच क्लासात गणित शिकवायचा. तो मान खाली घालून बशीतली शेव वेचत होता. त्याची आई झुंबरबाई कौतुकाने ऐकत होत्या.

संयोगिताला हे लग्न नको होतं. पोरात खोट काही नव्हती. पण स्टेशनमास्तरच्या परीक्षेत ती पास झाली होती आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला तिची मेडिकल होती. रेल्वेच्या डॉक्टरांनी डोळे तपासले की नोकरी पक्की. जन्म सगळा या रेल्वे क्वार्टरमध्ये गेला, दारावरून रोज गाड्या गेल्या, आणि ती स्वतः मिरजेच्या पुढे कधी गेली नव्हती. आण्णांनी, म्हणजे तिच्या गँगमन वडिलांनी, सकाळीच सांगून टाकलं होतं, "हे स्थळ फिसकटलं तर खुशाल जा पुण्याला, मी आडवा येत न्हाय. जमलं तर मात्र सासरची म्हणतील तसं."

तेव्हा स्थळ फिसकटायला हवं होतं. आधीची दोन तिच्या तोंडापायी परत गेली होती, म्हणून आई तानाबाईंनी विचारतील तेवढंच बोलायचं असं बजावून ठेवलं होतं. साडीही त्यांनीच नेसवली होती, आणि टाचण्या अशा मारल्या होत्या की खोल श्वास घेतला तरी टोचत होत्या. दारात पाहुण्यांच्या चपला पडल्या होत्या. उठून जायला जागा नव्हती.

"वडील रेल्वेत हायत, मग हे यायलाच पायजे," गणपतराव म्हणाले. "स्टँडर्ड गेज किती? दोन रुळांतली रुंदी?"

संयोगिताच्या जिवात जीव आला. "स्टँडर्ड विचारताय का आपल्याकडचं?"

"दोन्ही एकच की. स्टँडर्ड म्हंजे नेहमीचं. चार फूट साडेआठ इंच. ध्यानात ठेव, परीक्षेला येतंय."

"एक न्हवं काका. ते परदेशातलं. आपलं ब्रॉडगेज, पाच फूट सहा इंच. तुमच्या स्टँडर्डवर आपली गाडी उभीसुदिक ऱ्हायची न्हाय." आणि मग तिने मुद्दाम पुढचं वाक्य टाकलं. "तुमची पोरं का नापास होत्यात ते आत्ता कळलं मला."

तानाबाईंनी डोळे मिटून घेतले. ऋतुराजचा हात बशीतच थांबला.

गणपतराव आण्णांकडे वळले. "खरं काय हो हे?"

"व्हय," आण्णा हळूच म्हणाले. "पाच फूट सहा."

गणपतराव उठले. संयोगिताने चपलांकडे पाहिलं. जिंकलो आपण, असं तिला वाटलं, आणि बिचाऱ्या आण्णांची दयाही आली. पण गणपतराव दाराकडे गेलेच नाहीत, तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"इतकी वर्षं चुकीचं शिकवतोय, पण एकजणबी तोंडावर बोलला न्हाय," ते म्हणाले. "ही पोरगी मला घरातच पायजे. सामान्यज्ञान हिच्याकडं, सकाळचीबी बॅच, संध्याकाळचीबी. बाहेर नोकरी हुडकायची गरजच न्हाय. आण्णा, सुपारी काढा."

ऋतुराजने पहिल्यांदा वर पाहिलं आणि हसला. हसू चांगलं होतं, त्यामुळे तर ती आणखीच वैतागली. आण्णांचा चेहरा मात्र असा फुलला होता, की तिला त्यांच्याकडे बघवेना. तानाबाई सुपारी आणि अडकित्ता घेऊन आल्या. भटजींना फोन लावायला गणपतराव मोबाइल घेऊन बाहेर गेले.

"माझी मेडिकल हाय," संयोगिता म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला. "पुण्याला. पुढच्या आठवड्यात."

झुंबरबाईंनी मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "एवढंच व्हय? तपासून घ्यायला पुण्याला कशाला जायचं बाई? आमच्या गल्लीतच डॉक्टरीण हाय की. मी नेतो तुला."

संयोगिताने आण्णांकडे पाहिलं. मेडिकल म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. रेल्वेत लागताना त्यांचीही झाली होती. त्यांनी सुपारी अडकित्त्यात धरली.

"व्हय की," ते खाली बघत म्हणाले. "जवळचं बरं." आणि त्यांनी सुपारी फोडली.