झाडावरचं निळं पुस्तक

एल-गुदूदच्या विहिरीपाशी उंट थांबले तेव्हा उंटांवरच्या फिरत्या ग्रंथालयाचा डेको शाले सामान उतरवायला पुढे होईना. एरवी दर दुसऱ्या गुरुवारी तो इथं यायचा तो कसा तोऱ्यात! पुढच्या उंटावर पुस्तकांनी ठासून भरलेल्या दोन पेट्या, मागच्यावर तंबू आणि चटया. आज पेट्या रिकाम्या होत्या. वस्तीत असतील तेवढी पुस्तकं गोळा करून आणायची आणि हा थांबा बंद करायचा, असा शहरातल्या ग्रंथालयाचा हुकूम होता.

नियमच तसा होता. एखादं पुस्तक लागोपाठ तीन फेऱ्या परत आलं नाही, की उंट त्या वस्तीकडे फिरकायचा नाही. उंट मोजके, वाट बघणाऱ्या वस्त्या ढीगभर. नियमात काही वावगं नव्हतं. वावगं होतं ते डेकोच्या मनात, कारण हरवलेलं पुस्तक हरवलं नव्हतंच मुळी! ज्या बाभळीखाली तो तंबू ठोकायचा, तिच्याच फांदीला ते टांगलेलं होतं आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

पुस्तक जनावरांच्या रोगांचं, निळ्या पुठ्ठ्याचं. नेलं होतं एब्ला गेदीनं. एब्ला पंचेचाळिशीची विधवा. अक्षरं शिकली ती इथंच, डेकोच्या चटईवर, आणि शिकल्यापासून विहिरीवर बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायची. ताना नदीकडे पाऊस झाल्याची खबर आली तशी एका पहाटे तिनं घर मोडून त्याच्या काठ्या-चटया उंटावर लादल्या आणि जनावरं घेऊन ती निघाली. हलताना जे ओझं नको ते माणूस झाडाला टांगून जातो. वर्षानं परत आला तरी ते तिथंच असतं. चोरसुद्धा दुसऱ्याच्या टांगलेल्या गाठोड्याला हात लावत नाही. एब्लानं पुस्तक कातड्यात गुंडाळलं, वर आपल्या घराची खास ओळखीची गाठ मारली आणि मुद्दाम ग्रंथालयाच्या झाडाला अडकवलं.

पहिल्या फेरीला डेकोला नुसतं गाठोडं दिसलं. दुसऱ्या फेरीला वाऱ्यानं कातडं सरकलं होतं आणि आतून निळा कोपरा डोकावत होता. हात वर गेलासुद्धा त्याचा. पण गाठ परक्या घराची! भर वस्तीत ती सोडायची म्हणजे चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. हात खाली आला. त्यानं वहीत ‘परत नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या फेरीपर्यंत ती येईलच, अशी स्वतःची समजूत घातली. ती आली नाही. तिसऱ्यांदा लिहिताना तरी साहेबांना खरं सांगायचं? पण साहेब पडले डोंगराकडचे, टांगलेल्या गाठोड्याची रीत त्यांना काय ठाऊक! पुस्तक दिसतंय पण काढता येत नाही, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? शिवाय इतके दिवस का नाही बोललास, हे त्यांनी विचारलंच असतं. डेकोनं पुन्हा ‘परत नाही’ लिहिलं.

आता बायका एकेक पुस्तक आणून चटईवर ठेवत होत्या. म्हातारी दहाबो तेवढी बडबडत होती, “पुस्तक बुडवलं एकीनं आणि शिक्षा आम्हा सगळ्यांना! येऊ दे ती एब्ला, बघतेच तिला.”

“बघ की, ती काय आलीच,” उंटवाला बिशारकाका म्हणाला.

खरंच एब्ला येत होती. थांबा बंद होतोय हे तिला वाटेवरच्या एका गुराख्याकडून कळलं होतं. दोन दिवस चालून ती आली होती; पाय गुडघ्यापर्यंत लाल धुळीनं माखलेले. तिनं ना कुणाची विचारपूस केली ना पाणी मागितलं. सरळ झाडाशी गेली, गाठ सोडली आणि पुस्तक डेकोपुढे आपटलं.

“हे काय आहे?”

“पुस्तक.”

“अरे वा, ओळखतोस की! तीन वेळा याच्याखाली बसून चहा ढोसलास आणि हरवलं म्हणून लिहिलंस?”

“तुझ्या घराची गाठ होती, ताई.”

“मुडद्या, तुझ्यासाठीच तर टांगलं होतं!”

“ते मला कसं कळणार? कुणाला सांगून गेली होतीस?”

“सगळ्यांना समजेल असं वाटलं,” एब्ला हळूच म्हणाली.

बिशारकाकाला हसू आवरेना. “हिनं टांगलं ते रीतीनं, यानं हात लावला नाही तेही रीतीनं. दोन शहाणी माणसं एकत्र आली आणि वस्तीचं वाटोळं केलं!”

बायका हसल्या. दहाबोही हसली. डेकोला मात्र हसता येईना.

“मग आता उंट येणार ना?” दहाबोनं विचारलं.

“हुकूम निघालाय, आजी. वस्तीकडून लेखी काही गेलं तरच साहेब ऐकतील.”

“दे पेन,” एब्ला म्हणाली.

ती वाचायची झरझर, पण नावाखेरीज काही लिहिलं नव्हतं आजवर. रेतीत बसून, रिकामी पेटी पुढ्यात घेऊन, ओठ दाबून ती एकेक अक्षर काढत राहिली. उंटिणीच्या दुधाचा चहा तिच्याशेजारी गार झाला. अखेर तिनं कागद डेकोकडे दिला. त्यावर लिहिलं होतं: पुस्तक मिळालं आहे. मी कुणाला न सांगता टांगून गेले. चूक माझी. बाकी बायकांची चूक नाही. उंट पाठवा.

डेकोनं तो दोनदा वाचला. हा कागद नुसता पोचवला की झालं, त्याच्यावर काही येणार नव्हतं. पण एब्लाच्या बोटाला लागलेली शाई बघून त्याची त्यालाच लाज वाटली, अगदी कानापर्यंत. त्यानं ‘चूक माझी’ खोडलं आणि खाली लिहिलं: पुस्तक झाडावर आहे हे मला दुसऱ्या फेरीपासून माहीत होतं. मी कळवलं नाही. डेको शाले.

एब्लानं वाचलं. “माहीत होतं तुला?”

“निळा कोपरा दिसला होता.”

“दोन दिवस चालत आलेय मी.”

“हो, ताई.”

“पायांची सालं निघालीत.”

“हो.”

तिनं कागद त्याच्यापुढे नाचवला. “हे असं लिहून दिलंस तर नोकरी जाईल ना, गाढवा!”

“बघू,” डेको म्हणाला. “आणि ही पुस्तकं उचला पाहू सगळ्याजणी. मी रिकामाच जातोय.”

साहेबांनी कागद वाचला, एल-गुदूदचा थांबा चालू ठेवला आणि डेकोला उंटांवरून काढून ग्रंथालयातल्या टेबलाशी बसवलं. फाटक्या पुस्तकांना पाठी चिकटवायचं काम. अठरा वर्षं उघड्या रानात हिंडलेला माणूस तो, डोक्यावर पत्रा आला आणि त्याचा जीव गुदमरायला लागला. तो कुणापाशी तक्रार करायचा नाही. पण गुरुवारी पहाटे उंट बाहेर पडायला लागले, की तो खळीच्या डब्यात नको इतका वेळ काडी फिरवत बसायचा.

तिसऱ्या फेरीहून आल्यावर बिशारकाकानं त्याच्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. “एल-गुदूदच्या बायकांनी मागणी दिलीय. मला मेल्याला कुठं वाचता येतंय!”

अक्षर एब्लाचं होतं, पूर्वीपेक्षा सरळ.

शेळ्यांच्या रोगांचं पुस्तक, एक. मुलांसाठी मोठ्या अक्षरांची, दोन. डेको शाले, एक. जुना झालाय, तरी चालेल. वेळेवर परत करू.

“काय मागितलंय?” बिशारकाकानं विचारलं.

डेकोनं हाताची खळ सदऱ्याला पुसली, चिठ्ठी घेतली आणि साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला.