दहा एमबीतला देव

केराबाईच्या ज्वारीच्या बांधावर अख्खं गाव लोटलं होतं. हलगी वाजत होती, नारळ फुटत होते. येडूमहाराज मोबाईलवरचा व्हिडिओ उंच धरून गरजत होते, "बघा रं! काळा अंगरखा, लांब हात, तोंडावर तेज! देव रानात हुबा हाय. आत पाय टाकाल तर कोप हुईल! हे रान आता देवाचं. उद्या मंगळवेढ्याला जाऊन कागद करू."

रान केराबाईचं. दोन एकर, तेवढंच. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "देवाला न्हाय कसं म्हणू?"

माझं डोकंच फिरलं, कारण तो व्हिडिओ माझा होता. मी जोतिराम, लग्नांचं ड्रोन-शूटिंग करतो. परवा हौसेनं या ज्वारीवरून ड्रोन फिरवला. "धाड की, धाड की," म्हणून सरपंचांनी भुंगा लावला. दीड जीबीची फाईल गावच्या नेटवर व्हॉट्सॲपनं कुठली जातेय? मोबाईलवर दाबून दहा एमबीची केली. पुढं ती गावभर फिरली नि आणखी पिचली.

"महाराज, देवाचं मोठं दर्शन घडवू का?"

"पाप लागंल!"

"लागू द्या. ड्रोनचं कार्ड खिशातच हाय."

कार्ड मोबाईलला जोडलं, तर मोबाईलात जागाच नाही! मेव्हण्याच्या लग्नाचे चारशे फोटो उडवले. फाईल मुंगीच्या पावलानं उतरली. तोवर महाराजांनी दोनदा पाणी मागितलं. मग देवापाशी थांबवून चित्र मोठं केलं. रानाच्या मधोमध, उंच ज्वारीत बुडालेल्या खुरट्या बाभळीवर काळं घोंगडं अडकलेलं, कोपऱ्याला तांबडं ठिगळ. लांब हात म्हणजे लोंबणारी टोकं, तोंडावरचं तेज म्हणजे वरच्या भोकातून दिसणारी पिवळी ज्वारी.

"अगं बया!" केराबाई ओरडली. "माझंच की हे! वाऱ्यानं उडालेलं, आठ दिस हुडकतीया!"

"देवानं रूप बदललं!" महाराज म्हणाले.

"मग तुमीबी बदला. हुबं ऱ्हावा." महाराज मागं सरकत बांधावरून ज्वारीच्या ताटांवर गेले. मी त्यांचा व्हिडिओ घेतला, चारदा दाबला आणि सरपंचांच्या हाती दिला. तोंडाच्या जागी नुसते चौकोन.

"आरं, महाराज अंतर्धान पावलं की!" सरपंच खो खो हसले, आणि मागोमाग सगळा बांध.

बाबांनो, फाईल दाबली की बारीक खुणा पुसल्या जातात. उरलेल्या डागात आपलंच मन नाक-डोळे काढतं. तेव्हा हात जोडण्याआधी मूळ फाईल मागा, आणि जमीन लिहून देण्याआधी तर मागाच.

केराबाई मात्र माझं भाषण ऐकायला थांबलीच नव्हती. कोप-बिप विसरून ती ज्वारीत शिरली आणि घोंगडं खांद्यावर टाकून बाहेर आली.

"महाराज, बाजूला व्हा," ती म्हणाली. "माझ्या ज्वारीवर हुबं हाईसा."